टर्टल पर्वताच्या पोटातला कोळसा

श्रोतेहो, नमस्कार. कुठेही दरड कोसळली की वर्तमानपत्रांत ‘निसर्गाचा कोप’ असा मथळा येतो आणि चौकशी सुरू होते ती पावसाची. पाऊस किती मिलिमीटर झाला, ढगफुटी झाली का, हे सारे विचारले जाते आणि ते विचारायलाच हवे. पण डोंगर कोणत्या खडकाचा आहे, त्या खडकाचे थर कोणत्या बाजूला कललेले आहेत आणि त्या डोंगराखाली माणसाने काय पोखरून ठेवले आहे, या तीन प्रश्नांपर्यंत चौकशी क्वचितच पोहोचते. कोळशाच्या मुलखात तर हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. थर कसे आहेत, उतार कसा आहे आणि खाली पोकळी किती आहे. आज मी आपल्याला कॅनडातल्या एका डोंगराची हकीकत सांगणार आहे, कारण हे तिन्ही प्रश्न तिथे एकाच पहाटे एकत्र आले.

कॅनडाच्या पश्चिमेला, रॉकी पर्वतरांगेत, क्रोजनेस्ट नावाची खिंड आहे. आजच्या अल्बर्टा प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली ही खिंड. तिथे कोळसा सापडला आणि १९०१ साली फ्रँक नावाचे गाव वसले. कोळसा आगगाड्यांच्या इंजिनांना हवा होता, रेल्वेमार्ग गावाच्या अंगणातूनच जात होता, त्यामुळे दोन वर्षांत गावाची वस्ती सहाशेच्या आसपास गेली. गावाच्या डोक्यावर टर्टल पर्वत उभा होता आणि त्याच्या पायथ्याशीच खाणीचे तोंड होते. त्या प्रदेशातले मूळ रहिवासी, म्हणजे ब्लॅकफूट आणि कूटनाय लोक, या डोंगराला हलणारा डोंगर मानत आणि त्याच्या पायथ्याशी मुक्काम करत नसत. त्यांच्याजवळ भूशास्त्राची पुस्तके नव्हती, पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी त्या डोंगरावरून दगड गडगडताना पाहिले होते. अशा माहितीला दंतकथा म्हणून बाजूला सारण्याची सवय आपल्याकडेही आहे, आणि ती मोडली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हा डोंगर आतून कसा आहे ते पाहू. वरचा भाग चुनखडकाचा आहे, आणि हा चुनखडक तीस कोटी वर्षांहून जुना आहे. त्याच्या खाली कोळसा, वालुकाश्म आणि शेल, म्हणजे चिखलापासून बनलेला मऊ खडक, यांचे थर आहेत, आणि ते मात्र वयाने पुष्कळ तरुण आहेत. श्रोत्यांच्या लक्षात आले असेल की हे उलटे झाले. जुना खडक खाली आणि नवा वर, असा निसर्गाचा नेहमीचा क्रम असतो. पण रॉकी पर्वत उभा राहताना भूकवचावर जो प्रचंड दाब आला, त्याने थरांना घड्या पडल्या, थर तुटले आणि जुना चुनखडक सरकत सरकत नव्या, मऊ थरांवर चढून बसला. मातीच्या भिंतींवर दगडी मजला चढवावा तसा हा डोंगर होता. त्यात भर म्हणजे, पूर्वेकडच्या बाजूला चुनखडकाचे थर गावाच्या दिशेनेच तीव्र उतरते होते. माथ्याला भेगा होत्या, त्यांतून पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी आत जात होते आणि हिवाळ्यात ते पाणी भेगांमध्येच गोठून फुगत होते. शाळेत आपण ज्याला कायिक विदारण म्हणून शिकलो, ते तिथे हजारो वर्षे चालू होते.

म्हणजे डोंगर मुळातच तोल सांभाळून उभा होता. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढच्या साऱ्या वादाचे मूळ इथे आहे. डोंगर मुळातच तोल सांभाळून उभा होता, आणि अशा डोंगराच्या पायथ्याशी खाण सुरू झाली.

कोळशाचा थर तिथे जवळजवळ उभा होता. आपल्या वर्धा खोऱ्यात, म्हणजे वणी, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात, कोळशाचे थर साधारणपणे मंद उताराचे आहेत. फ्रँकमध्ये मात्र थर उभा असल्याने खाणकामगार खालच्या बोगद्यातून वरच्या दिशेने कोळसा तोडत जात आणि तो आपल्याच वजनाने खाली येई. मोठमोठ्या खोल्यांसारख्या पोकळ्या तयार होत आणि त्यांच्या मध्ये कोळशाचेच खांब राखलेले असत. १९०२ च्या ऑक्टोबरपासून खाणीत वेगळीच लक्षणे दिसू लागली. डोंगर आतून आवळत असल्यासारखा भासे, विशेषतः उत्तररात्री बारीक हादरे बसत, लाकडी टेकू मोडत आणि कोळसा फारसा न तोडताच आपोआप पडू लागला. कोळसा स्वतःच स्वतःला खणतो आहे असे तिथे बोलले जाई. कमी श्रमात जास्त कोळसा मिळत होता, म्हणून या लक्षणाची नोंद भरभराटीच्या बाजूला झाली. खरे तर वरचे ओझे खालच्या खांबांवर उतरत होते आणि खांब ते पेलेनासे झाले होते.

२९ एप्रिल १९०३. त्या वर्षी मार्चमध्ये भरपूर बर्फ पडला होता, एप्रिलमध्ये दिवस उबदार गेले आणि ती रात्र मात्र कडाक्याच्या थंडीची होती. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी टर्टल पर्वताच्या पूर्वेकडचा एक कडा सुटला. सुमारे एक किलोमीटर रुंद, सव्वाचारशे मीटर उंच आणि दीडशे मीटर जाडीचा चुनखडकाचा तुकडा. किमान तीन कोटी घनमीटर दगड खोऱ्यात उतरला, नदी ओलांडली, गावाची पूर्वेकडची बाजू गाडली, रेल्वेमार्ग गाडला आणि पलीकडच्या चढणीवर जाऊन थांबला. या साऱ्याला दीड मिनिटाहून थोडाच अधिक वेळ लागला. सत्तर ते नव्वद माणसे गेली. नक्की आकडा ठरवता आला नाही, कारण बहुतेकांचे मृतदेह त्या दगडांखालून कधीच काढता आले नाहीत.

आणि त्या वेळी खाणीत रात्रपाळी चालू होती. श्रोतेहो, इथून पुढची हकीकत मला सर्वांत जास्त सांगावीशी वाटते, आणि ती सविस्तरच सांगणार आहे.

त्या पाळीला वीस माणसे होती. त्यांतले तिघे त्या क्षणी खाणीच्या तोंडाबाहेर होते आणि ते तिथेच गेले. आत राहिले सतरा. त्यांना काय घडले ते कळण्याचा मार्गच नव्हता. हवेचा एक तडाखा बोगद्यातून आला, टेकू कोसळले, काहीजण फेकले गेले, एकाच्या पायाला जबर दुखापत झाली. स्फोट झाला असेल असे वाटणे स्वाभाविक होते, कारण कोळशाच्या खाणीत माणसाला पहिली भीती वायूच्या स्फोटाचीच असते. ते चाचपडत, एकमेकांना गोळा करत तोंडाकडे आले, तर तोंड नव्हतेच. जिथून रात्री आत शिरले होते, तिथे चुनखडकाच्या शिळा रचल्यासारख्या बसल्या होत्या.

त्यांनी आधी तिथेच खणायला सुरुवात केली. कोणीही तेच केले असते. पण त्या ढिगाऱ्यात एक दगड काढावा तर त्याच्या जागी दुसरा येत होता, आणि तेवढ्यात खालच्या अंगाने पाणी चढू लागले. दरडीने नदी अडवली होती, तिचे पाणी तुंबले होते आणि दुसऱ्या एका बोगद्याच्या वाटेने ते खाणीत शिरत होते. पाणी खालून चढत होते आणि वरच्या पोकळ्यांत वायू साचत होता. तिथे थांबणे म्हणजे यांपैकी एकाची वाट पाहणे होते.

त्या वेळी त्यांच्यातला एकजण म्हणाला की कोळशाची एक पट्टी थेट डोंगराच्या पृष्ठभागापर्यंत जाते, हे मला माहीत आहे. श्रोतेहो, इथे थोडे थांबू या. थर उभा होता हे मी आपल्याला मघाशी सांगितले. आडव्या थरात माणूस कितीही खणत गेला तरी तो जमिनीखालीच राहतो. उभ्या थरात मात्र कोळशाचा माग धरून वर जात राहिले, तर तो थर जिथे उघडा पडला आहे तिथे, म्हणजे उजेडात, बाहेर येता येते. हे त्या कामगाराला कोणत्या नकाशावरून कळले नव्हते. रोज त्या थरावर टिकाव चालवून कळले होते. चुनखडकात खणणे त्यांच्या हातच्या अवजारांनी शक्यच नव्हते, पण कोळसा मऊ होता. ज्या उभ्या थरामुळे ती धोकादायक खाणकामाची पद्धत आली होती, तोच उभा थर आता त्यांची एकमेव वाट होता.

त्यांनी एक अरुंद वाट वरच्या दिशेने खणायला घेतली. एका वेळी दोघे किंवा तिघे मावतील एवढीच ती होती. पुढचे खणत, मागचे थांबत, मग पाळी बदलत. तोडलेला कोळसा त्यांच्या अंगावरून, पायांवरून खाली घरंगळत जात होता. हवा तासातासाला जड होत गेली. एकेकजण गळून मागे बसू लागला. दुपार झाली असेल हे कळण्याचेही साधन नव्हते. शेवटी सतरांपैकी तिघांच्याच हातात टिकाव चालवण्याची ताकद उरली, आणि त्या तिघांनी काम थांबवले नाही. दिवस कलायच्या सुमाराला टिकावाचे टोक मोकळ्यात गेले. भोकातून उजेड आला आणि थंड हवा आली.

पण त्या भोकातून बाहेर पडता येईना, कारण वरच्या कड्यावरून अजून दगड कोसळत होते. आता विचार करा, तेरा तासांच्या अखेरीस, बाहेरचा उजेड दिसत असताना, ते भोक सोडून पुन्हा आत वळायचे आणि दुसरी वाट खणायची, याला किती संयम लागला असेल. त्यांनी तेच केले. हवा मिळाल्यामुळे जीवात जीव आला होता. एका पुढे आलेल्या खडकाच्या आडोशाला निघेल अशी नवी वाट त्यांनी काढली आणि त्या आडोशाखालून, सुमारे पाच वाजता, सतराच्या सतरा माणसे बाहेर आली. जखमी सहकाऱ्यालाही त्यांनी मागे ठेवले नाही.

खाली तोंडाशी गावकरी अजून दगड उपसत होते. आतले कोणी जिवंत असेल अशी आशा फारशी उरलेली नव्हती. आणि बाहेर आलेल्यांना समोर खोरेच ओळखू येईना. ज्या घरांच्या ओळीत ते राहत होते, ती ओळ दगडांखाली गेली होती. एकाला त्याचे कुटुंब तात्पुरत्या दवाखान्यात सुखरूप सापडले. दुसऱ्याची पत्नी आणि चारही मुले गेलेली होती. खाणीत जाणारा माणूस धोक्यात आणि घरी झोपलेले कुटुंब सुरक्षित, असेच आपण सारे धरून चालतो. फ्रँकमध्ये त्या पहाटे हे धरून चालणे खोटे ठरले, आणि त्याचे कारण सरळ आहे. खाण आणि तिच्यावरचा डोंगर ही दोन वेगळी खाती नव्हती. खाणीतली लक्षणे डोंगराचीच लक्षणे होती. पण ती खाणीच्या वहीत राहिली, वस्तीपर्यंत आली नाहीत.

पुढे कॅनडाच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे मॅककॉनेल आणि ब्रॉक हे दोघे तिथे आले. त्यांच्या अहवालात डोंगराची मूळ रचना, भेगांत शिरलेले पाणी, त्या रात्रीची थंडी आणि खाणकाम, या सर्वांचा विचार आहे. खाणमालकांना आपला वाटा मान्य नव्हता. नंतरच्या अभ्यासांनीही साधारण हेच सांगितले की मुख्य कारण डोंगराची घडण, पण तो अशा टोकाला आला होता की खाणीने झालेली लहानशी हालचालही पुरेशी ठरली. मला हे उत्तर पटते. पण ‘डोंगर पडणारच होता’ या वाक्याचा आधार घेऊन खाणीला निर्दोष ठरवले जाते, ते मला पटत नाही. पडणारा डोंगर आज पडतो की दोनशे वर्षांनी पडतो, याने खाली झोपलेल्या माणसाला सर्व फरक पडतो. खाण मात्र काही आठवड्यांतच पुन्हा सुरू झाली आणि १९१७ मध्ये परवडेनाशी झाल्यावरच कायमची बंद झाली. डोंगराचा उरलेला भागही धोक्याचा आहे असे दिसल्यावर १९११ साली गाव दुसरीकडे हलवावे लागले.

आपल्या वर्धा खोऱ्यात टर्टल पर्वतासारखा कडा नाही. इथे कोळसा आहे तो भूशास्त्रज्ञ ज्यांना बराकर म्हणतात त्या थरांमध्ये, आणि त्यावर पुष्कळ ठिकाणी कामठी नावाच्या थरांचा वालुकाश्म आहे. थर मंद उताराचे असल्यामुळे जुन्या भूमिगत खाणीवरची जमीन सरळ खाली बसते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला एक राहते घर असेच बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली, आणि आसपासच्या कुटुंबांना हलवावे लागले. खडक वेगळा, कोसळण्याची रीत वेगळी, पण प्रश्न तेच तीन. थर कसे आहेत, उतार कसा आहे आणि खाली पोकळी किती आहे. बंद पडलेल्या जुन्या खाणींचे नकाशे ग्रामपंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या भिंतीवर लावलेले असावेत, ही मागणी मी यापूर्वीही केली आहे आणि आजही करतो. भिंतीला तिरकी भेग जाणे, दार चौकटीत अडकू लागणे, अंगणात खोलगट जागा तयार होणे, हातपंपाचे पाणी एकाएकी उतरणे, यांतले काही दिसले तर ते तोंडी न सांगता लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

टर्टल पर्वतावर आज काय चालले आहे, हे सांगून थांबतो. दक्षिणेकडचे शिखर अजूनही भेगाळलेले आहे. अल्बर्टाचे भूशास्त्रीय सर्वेक्षण खाते त्या भेगांवर उपकरणे लावून त्यांची हालचाल मोजत आले आहे, आणि ती हालचाल वर्षाला काही मिलिमीटर इतकी बारीक आहे. खाली महामार्ग आणि रेल्वे त्याच १९०३ च्या दगडांमधून जातात. नमस्कार.