दोन वाटांची डिस्क

(दृश्य: सर्व्हर रूम. पंख्यांची घरघर.)

इथे बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. समोर आहे आयबीएमचा पॉवर सर्व्हर. पेटी एक, आत बिऱ्हाडं अनेक. त्यांना म्हणतात एलपार, म्हणजे लॉजिकल पार्टिशन. २००४ साली पॉवर-५ आला, तेव्हापासून एका प्रोसेसरचा दहावा हिस्सा देऊनही बिऱ्हाड थाटता येऊ लागलं.

प्रोसेसर वाटला, मेमरी वाटली. अडतं ते डिस्कपाशी. प्रत्येकाला डिस्क जोडणारं स्वतंत्र कार्ड द्यायचं, तर तेवढे स्लॉट आणायचे कुठून? म्हणून खरी कार्डं एकाच खास पार्टिशनच्या ताब्यात देतात: व्हर्च्युअल आय-ओ सर्व्हर, बोलताना नुसतं ‘व्हायोस’.

(दृश्य: काळी स्क्रीन. व्हायोसवर ‘पीअॅडमिन’ या अॅडमिन खात्याने लॉगिन.)

‘एलएसमॅप’ कमांड दिली की कोणती डिस्क कुणाला दिलीय ते दिसतं. इथे जी ‘एचडिस्क-५’, तीच पलीकडच्या बिऱ्हाडात ‘एचडिस्क-०’. नावं वेगळी, डिस्क एकच. रात्री दोन वाजता फोनवर बोलताना हा घोळ हमखास होतो.

व्हायोस एकटा असला, तर त्याच्या रीस्टार्टला सगळ्यांची डिस्क जाते. म्हणून दोन ठेवतात, आणि स्टोरेजवरची तीच डिस्क दोघांनाही दाखवतात. म्हणजे बिऱ्हाडातून डिस्ककडे जायला दोन वाटा. नव्या माणसाचा हात पोळतो तो इथे. डिस्क एकट्यासाठी राखायची का, हे ठरवणारी ‘रिझर्व्ह पॉलिसी’ तशीच राहिली, तर जो व्हायोस डिस्क आधी उघडतो तो तिला कुलूप घालतो आणि दुसरा दारातच उभा. दोन्हीकडे ‘नो रिझर्व्ह’ करायचं, तेही मॅपिंगच्या आधी. डिस्क वापरात गेली की ती सेटिंग सहजी बदलू देत नाही.

आणखी एक खोच आहे, हिच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. बिऱ्हाडातल्या डिस्कचा ‘एचचेक इंटरव्हल’, म्हणजे वाट दर किती सेकंदांनी तपासायची ती सेटिंग, मुळात शून्य असतो. म्हणजे तुटलेली वाट पुन्हा सुरू झाली का, हे कुणी तपासतच नाही. पहिला व्हायोस पॅच करून परत आणला, सगळे निर्धास्त. मग दुसरा बंद केला. पहिली वाट अजून ‘फेल्ड’च होती. डेटाबेस खाली. वाट रिकामी पडली तरी तपासली जावी, म्हणून तिथे साठ सेकंद घालतात.

(दृश्य: बिऱ्हाडात ‘एलएसपाथ’, डिस्कच्या वाटा दाखवणारी कमांड. दोन ओळी, दोन्ही ‘एनेबल्ड’.)

आता पहिला व्हायोस मुद्दाम पाडू. वरची ओळ ‘फेल्ड’. खालच्या वाटेने काम चालूच. व्हायोस परत वर आला. घड्याळाकडे बघा. मिनिटभर काहीच नाही...

‘एनेबल्ड’. चला, आता दुसरा बंद करायला हरकत नाही.