थळघाटाचं नाव आणि थळघाटाचा दगड

नमस्कार. कसारा घाटातून नाशिककर आयुष्यात किती वेळा चढतो-उतरतो, त्याची मोजदाद नाही. या घाटाचं जुनं नाव थळघाट, आणि दख्खनच्या लाव्ह्याचा अभ्यास करणाऱ्या परदेशी माणसालाही ते ठाऊक असतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. ते ओळखता यावेत म्हणून अभ्यासकांनी त्यांचे गट पाडले आणि गटांना गावांची नावं दिली: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. या थरांमध्ये मधूनच एक वेगळा बसाल्ट लागतो. काळ्या खडकात बोटाच्या पेराएवढे, कधी त्याहूनही लांब, फेल्डस्पार या खनिजाचे पांढुरके स्फटिक विखुरलेले दिसतात. उघड्यावर आलेला लाव्हा लवकर थिजतो, त्यात एवढे स्फटिक वाढत नाहीत. ते खोल शिलारसाच्या कोठीत सावकाश वाढले आणि मग त्याच्याबरोबर वर आले. अशा थरांच्या आधारानं गटांच्या सीमा ठरवल्या जातात. त्यांतल्या एका थराचं नावच थळघाट आहे.

उद्या कुणाला या थराची फेरतपासणी करायची झाली, तर त्याला इथल्याच कातळापाशी यावं लागेल. तो कातळ सिमेंटखाली गेला, तर शोधनिबंधातलं नाव उरेल आणि हात लावायला दगड उरणार नाही. भूवारसा, म्हणजे पृथ्वीचा इतिहास सांगणारे असे कातळ, जपायचा म्हणजे सर्वांत आधी हे टाळायचं.

जिओपार्क या शब्दामुळे कुंपण, तिकीटखिडकी आणि दगडी डायनासोर डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात जिओपार्क म्हणजे भूवारसा जपणारा अख्खा प्रदेश, त्यात माणसं राहतात, शेती होते. १९९१ मध्ये फ्रान्समधल्या दीन्य इथं पृथ्वीच्या स्मृतीच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला, २००० मध्ये युरोपातल्या चार प्रदेशांनी जिओपार्कांचं जाळं उभं केलं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये युनेस्कोनं जागतिक जिओपार्कांना स्वतःचा अधिकृत कार्यक्रम दिला. अटी कडक आहेत. प्रदेश सलग हवा, भूशास्त्रीय महत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीचं हवं, कायदेशीर व्यवस्थापन मंडळ हवं आणि अर्जाआधी किमान एक वर्ष तो प्रदेश जिओपार्कासारखा चालवून दाखवायला हवा. दर्जा चार वर्षांसाठीच मिळतो. फेरतपासणीत पिवळं कार्ड मिळालं तर त्रुटी सुधारायला दोन वर्षं, लाल मिळालं तर दर्जा गेला. शिवाय हा दर्जा स्वतःहून एकही सुरुंग थांबवत नाही, ते काम देशातल्या कायद्यालाच करावं लागतं. आपल्याकडे भूवारसा स्थळांच्या विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये आला. पुरातन वास्तूंना १९५८ च्या कायद्याचं जसं स्पष्ट संरक्षण आहे, तसं दगडाला अजून नाही. म्हणून नाशिकनं आधी जिओपार्कच्या पाटीच्या मागे धावू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी नोंद करावी.

घाटातल्या कापावर दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाची पट्टी दिसते, तिच्यापासून सुरुवात करू. खालचा थर थिजला, त्याचा माथा झिजून माती झाली आणि मग वरचा लाव्हा आला. म्हणजे मध्ये गेलेल्या काळाची ती खूण आहे. ती मऊ असल्यामुळे आधी तीच झिजते, तिच्यावरचा कठीण दगड अधांतरी राहतो आणि सुटून रस्त्यावर येतो. त्यामुळे अभियंता सर्वांत आधी नेमक्या त्याच जागी काँक्रीटचा फवारा मारतो. त्याचं चुकत नाही, खालून बस जात असते. पण जिथे कातळातले सांधे घट्ट आहेत आणि उतार कमी आहे, तिथे वीस-पंचवीस मीटरचा कातळ फवाऱ्याऐवजी लोखंडी जाळीखाली ठेवता येतो. माथ्यावर पाणी वळवणारा चर काढायचा आणि पायथ्याशी पडलेले दगड अडवायला मोकळी पट्टी सोडायची. जाळीतून दगड दिसतो, फवाऱ्यातून दिसत नाही.

पांडवलेण्यांच्या परिसरातल्या दगडखाणींची गोष्ट उलट आहे. इथले हिरवे अपोफिलाइट, स्टिल्बाइट, पॉवेलाइट या खनिजांचे स्फटिक जगातल्या संग्रहालयांत आहेत, आणि ते उजेडात आले सुरुंगामुळेच. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या ठेवल्या, पुढे खनिजयुक्त पाण्यानं त्यांत स्फटिक घडवले. खाण नसती तर ते दिसले नसते, आणि खाणीला लगाम नसेल तर ते खडीत जातील. स्फटिक वाचला तरी कोणत्या खाणीतला, कोणत्या थरातला हे लिहिलेलं नसेल, तर तो शोभेची वस्तू होतो. खाण बंद झाली की खड्ड्यात पाणी साचतं, खालचा कातळ बुडतो, नंतर शहराचा राडारोडा येऊन पडतो. यासाठी खाणीचा भाडेपट्टा चालू असतानाच, पाण्याच्या पातळीच्या वरची एक भिंत न फोडता ठेवण्याचं ठरलं पाहिजे.

नोंद एका पानाची पुरते. अक्षांश-रेखांश, गाव, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक, जागा वनखात्याची, गायरान की खासगी. काय दिसतं ते साध्या मराठीत चार ओळी. धोका कोणता. फोटो पावसाळ्यानंतर, गवत वाळल्यावर काढावेत, कारण ओल्या शेवाळलेल्या कातळात थर कळत नाहीत. प्रत्येक फोटोत मीटरची पट्टी ठेवा आणि कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते लिहा. संगणकावर त्रिमितीय प्रतिमा करायची असेल, तर लगतच्या दोन फोटोंत साठ-सत्तर टक्के भाग सामाईक हवा आणि कातळ पूर्ण सावलीत हवा. अर्धं ऊन, अर्धी सावली असली की प्रतिमा फाटते. हातोडा नेऊ नका. नमुना हवाच असेल तर पायथ्याशी सुटून पडलेल्या तुकड्यांतला घ्या. नाजूक स्फटिकांच्या जागेचे नेमके आकडे समाजमाध्यमांवर टाकू नका. चांगल्या मनानं टाकलेल्या पत्त्यावर छिन्नी घेऊन माणसं पोहोचतात.

झाडं लावणाऱ्या मंडळींनाही विनंती आहे: उघडा कातळ दिसला की तो ओसाड समजू नका. अंजनेरीच्या सड्यावर उथळ मातीत जी दुर्मीळ वनस्पती टिकते, ती त्या खडकामुळे. तिथे खड्डे खणले, माती आणून टाकली तर दोन्ही जातं.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चालू आहेत. आपलं पत्र सविस्तर प्रकल्प अहवालाच्या टप्प्यावर पोहोचलं तर आराखड्यात बदल होऊ शकतो. कंत्राट निघाल्यावर प्रत्येक बदलाला पैसे लागतात आणि उत्तर नकाराचं येतं. पत्रात 'घाटातला सुंदर दगड' असं लिहू नका. रस्त्याचा साखळी क्रमांक (म्हणजे सुरुवातीपासूनचं मोजलेलं अंतर), डावी बाजू की उजवी, कातळाची लांबी आणि उंची लिहा, नोंदीचं पान जोडा. अभियंत्याच्या नकाशावर बोट ठेवता येईल अशी जागा असेल, तरच तो तिच्याभोवती रेघ आखू शकतो.