चिमणीच्या आधी भट्टी

मित्रहो, उत्सर्जनाची मर्यादा कडक झाली की कारखान्यात पहिला प्रश्न येतो, "आता कोणतं यंत्र बसवायचं?" त्याआधी विचारायचा एक प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. भट्टीत हवा किती जाते, आणि ती कुठून जाते? हे ठाऊक नसताना केलेल्या खर्चातला बराचसा वाया जातो, असं माझं ठाम मत आहे.

गंधकाचं काम सरळ आहे. इंधनात एक किलो गंधक असेल आणि ते सगळं जळलं, तर दोन किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. बर्नर कसाही लावा, हा हिशेब बदलत नाही. इंधन बदला, नाहीतर वायू चुन्याने किंवा कॉस्टिक सोड्याने धुवा. राखेच्या कणांचंही तसंच. सायक्लोन, म्हणजे वायू गरगर फिरवून कण वेगळे करणारं यंत्र, जाड कण पकडतो, बारीक कण त्यातून निसटतात, त्यांच्यासाठी बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी) किंवा ईएसपी (विजेच्या भाराने कण ओढून घेणारं यंत्र) लागतो.

नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, मात्र भट्टीतच घडतात. शुद्ध नैसर्गिक वायू जाळला तरी ते येतात, कारण हवेतलाच नायट्रोजन तापलेल्या ज्वालेत ऑक्सिजनशी जोडला जातो. साधारण १३०० अंश सेल्सिअसच्या पुढे ही क्रिया वेग घेते आणि १५०० च्या वर झपाट्याने वाढते. म्हणून लो-नॉक्स बर्नरमध्ये हवा किंवा इंधन टप्प्याटप्प्याने सोडतात, किंवा चिमणीकडे जाणारा थोडा वायू परत ज्वालेत आणतात. हेतू एकच, ज्वालेचा सर्वांत तप्त भाग थंड करणं. कोळसा आणि जड तेलात इंधनातच नायट्रोजन असतो. तिथे ज्वाला नुसती थंड करून भागत नाही, सुरुवातीच्या टप्प्यात तिला हवाच कमी मिळावी लागते.

आता खरी अडचण. हवा कमी केली की नॉक्स उतरतो, पण एका मर्यादेनंतर कार्बन मोनॉक्साइड एकदम उसळतो. या दोहोंमधली जागा अरुंद असते आणि लो-नॉक्स बर्नरमध्ये ती आणखी अरुंद होते. तिथे टिकून राहायचं तर ऑक्सिजनचं रीडिंग खरं हवं. ते खोटं का ठरतं, हे नीट पाहू.

प्रोसेस हीटर, म्हणजे नळ्यांमधून वाहणारा माल तापवणारं यंत्र. त्याची भट्टी किंचित ऋण दाबावर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबावर, चालते. छताजवळ हा दाब पाण्याच्या दोन-तीन मिलिमीटरइतकाच असतो, पण जिथे फट सापडेल तिथून बाहेरची हवा आत ओढायला तो पुरतो. उघडी राहिलेली झडप, ट्यूब जिथून आत शिरतात तिथली सैल पॅकिंग, बंद बर्नरचं उघडं रजिस्टर, म्हणजे त्याचं हवेचं दार. ही हवा ज्वालेत जातच नाही, पण चिमणीतला ऑक्सिजन मीटर ती मोजतो. ऑपरेटरला ६ टक्के दिसतात, हवा जास्त आहे असं समजून तो डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, आवळतो, आणि बर्नर उपाशी राहतो. ऑक्सिजन भरपूर आणि कार्बन मोनॉक्साइडही भरपूर, असं एकत्र दिसलं की आधी फटी शोधा किंवा बर्नरमधलं मिश्रण तपासा. ऑक्सिजनचा प्रोब हीटरमध्ये शक्यतो रेडियंट भागाच्या, म्हणजे ज्वालेची उष्णता थेट मिळते त्या भागाच्या, माथ्यावर असावा. बॉयलरमध्ये इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उरलेल्या उष्णतेने पाणी तापवणाऱ्या भागाच्या) आधी आणि नंतर ऑक्सिजन मोजा. दोन आकड्यांत फरक आला, तर गळती त्याच टप्प्यात आहे. या तपासणीला एक पोर्टेबल ॲनलायझर पुरतो, आणि तरीही ती फार थोड्या ठिकाणी होते याचं मला वाईट वाटतं.

हवा मिसळून धूर पातळ केला की आकडा उतरेल, असं कुणाला वाटत असेल तर नियमाने ती वाट बंद केली आहे. मोजलेला आकडा ठरावीक ऑक्सिजनवर आणावा लागतो. युरोपीय संघाच्या २०१५ च्या मध्यम ज्वलन संयंत्रांच्या निर्देशात तो बॉयलरसाठी घन इंधनाला ६ टक्के, द्रव आणि वायू इंधनाला ३ टक्के आहे. समजा, वायू इंधनाच्या बॉयलरवर ९ टक्के ऑक्सिजन असताना दर घनमीटरला १२० मिलिग्रॅम नॉक्स मिळाला. २०.९ मधून ३ वजा करा, १७.९. २०.९ मधून ९ वजा करा, ११.९. भागाकार दीड, म्हणजे उत्तर साधारण १८० मिलिग्रॅम. ऑक्सिजन जितका जास्त, तितका हा गुणक मोठा, आणि मीटरमधली छोटी चूकही तितकीच मोठी होऊन निकालात उतरते. कमी लोडवर हवा जास्त लागते, म्हणून तिथे मीटरचं कॅलिब्रेशन आणखी जपायला हवं.

एवढं करूनही नॉक्स मर्यादेत आला नाही, तर अमोनिया किंवा युरियाकडे वळा. ते तप्त वायूत सोडले की नॉक्सचा पुन्हा नायट्रोजन होतो. उत्प्रेरकाशिवाय ही क्रिया साधारण ८५० ते ११०० अंशांच्या पट्ट्यातच नीट चालते. लोड बदलला की हा पट्टा भट्टीत जागा बदलतो, आणि अमोनिया तसाच चिमणीतून निसटतो. उत्प्रेरक वापरला तर ३००-४०० अंश पुरतात, पण धूळ आणि गंधक त्याचं आयुष्य खातात.

शेवटी स्टार्टअपबद्दल. थंड बॉयलर पेटवताना वायू आम्लाच्या दवबिंदूखाली, म्हणजे त्यातलं आम्ल द्रव होऊन साचेल इतका थंड, असतो आणि बॅग फिल्टरच्या बॅग ओल्या होऊन खराब होतात, म्हणून फिल्टरला वळसा देणारा बायपास उघडतात. याला तांत्रिक कारण आहे, मी ते नाकारत नाही. पण तो किती वाजता उघडला, त्या वेळी तापमान काय होतं, कोणतं इंधन चालू होतं आणि तो कधी बंद केला, हे त्याच शिफ्टच्या लॉगबुकात लिहा. स्वच्छ इंधनावर पेटवून, वायू दवबिंदूच्या वर गेल्यावरच घन इंधन सोडलं, तर ही वेळ बरीच आखूड करता येते.