पेशी पळाली!

नमस्कार श्रोतेहो. प्राथमिक शाळेतल्या मुलांना पेशी आणि सजीव कसे दाखवावेत, याबद्दल आज बोलते. दाखवावेत म्हणतेय, पाठ करून घ्यावेत असं नव्हे. "सजीव हलतात, वाढतात, श्वास घेतात" हे मुलं घडाघडा म्हणतात; पण डब्यातला कोरडा वाटाणा सजीव की निर्जीव, असं विचारलं की वर्ग चिडीचूप. रात्री भिजत घाला, फडक्यात बांधून ठेवा, मोड आले की पोरं आपणहून सांगतात. (आपल्या बडोद्याच्या सेव-उसळीत वाटाणाच असतो. मटकी सरस, हे माझं मत इथे कुणी ऐकून घेत नाही. असो.)

तर गंमत सांगायची ती दांडिया बाजारातली. सुट्टीत मुलं जमवून आम्ही सूक्ष्मदर्शक मांडला होता. कांद्याचं वरचं कोरडं साल नव्हे हं, आतल्या पाकळीचा ओला, आरपार दिसणारा पापुद्रा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकायचा आणि वर पातळ काच. चौथीतल्या एका मुलीने डोळा लावला नि ओरडलीच, "दिसली! गोल गोल, काळ्या काठाची!" झालं, रांगेतल्या सगळ्यांनी वह्यांत गोल काढले.

तेवढ्यात एकाने पेन्सिलीच्या टोकाने वरची काच दाबली. "ताई, पेशी पळाली!" पळाली ती शेजारच्या गोलाला जाऊन मिळाली, दोघांचा मिळून एक मोठा गोल. मग काय! "हलते, मोठी पण होते... आ तो जीवे छे!" पाठातल्या व्याख्येत चपखल बसलं की हो. मी गप्प. अशा वेळी शिक्षकाने तोंड उघडलं की खेळ खलास.

एरवी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "मग स्कूटरपण हलते. आणि विश्वामित्री नदीतली मगर काठावर तासन्‌तास ओंडक्यासारखी पडून असते, ती काय निर्जीव?" यावर जी जुंपली! शेवटी कुणीतरी विचारलं, आयोडीनचा रंग कशाला लागलाय ते तर बघा. पुन्हा डोळे लागले. गोलाच्या आत रंग नाही, काही नाही, कोरा. पण त्याच्या भोवती पिवळसर, लांबट खण, एकाला एक लागून, आणि बऱ्याच खणांत एक गडद ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक, खण म्हणजे पेशी आणि तो पळपुटा गोल म्हणजे हवेचा बुडबुडा! खोडरबरं निघाली.

पुन्हा सांगते, बुडबुडा ढकलल्यावर हलतो. पेशी स्वतः अन्न वापरते, आणि पेशीपासूनच नवी पेशी होते. ढकलल्यावर हलणं निराळं, जगणं निराळं. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा काप पाहिला तेव्हा त्याला नुसते मोकळे कप्पे दिसले, मेलेल्या पेशींच्या भिंती. पाण्यातले एकपेशीय जीव जिवंत, वळवळताना पाहिले ते पुढे १६७० च्या दशकात, डेल्फ्टच्या लेवेनहूकने. हा कापडाचा व्यापारी, बरं का. आणि मगर पालीहून मोठी असते ती पेशी मोठ्या म्हणून नव्हे, पेशी जास्त म्हणून. मोठ्या नव्हे, जास्त.

शिक्षकांना एक विनंती. थर्माकोलची पेशी करून आणा, हा गृहपाठ तेवढा बंद करा. रात्री जागून ती आई-बाबाच करतात, आणि केंद्रकाला टिकली चिकटवतात.

आता बुडबुडे नको असतील तर वरची काच तिरपी धरा, तिची एक कड आधी पाण्याला टेकवा आणि दुसरी सुईच्या टोकावर पेलत हळूहळू खाली सोडा. मी मात्र पहिल्या दिवशी मुद्दाम थपकन टाकते. नमस्कार.