दप्तराची चिठ्ठी

(कोथरूडमधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आमच्या कामाची सुरुवात माझ्या स्वयंपाकघरात झाली. एप्रिल महिना होता. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी हात धुतले, साडीच्या दुकानाची एक पिशवी उघडली आणि म्हणाल्या, "काकू, एवढं वाचून दाखवा." पिशवीत मुलीचा जन्मदाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, आठ वर्षांची प्रगतिपुस्तकं, सगळं रबर लावून ठेवलेलं. पत्र शाळेचं होतं. नववीची फी ३८,००० रुपये, जूनच्या आत भरा.

मावशींना वाटत होतं, शाळेची काहीतरी चूक झाली. मुलगी पहिलीपासून शिक्षण हक्क कायद्यातून, म्हणजे आरटीईतून शिकत होती, तोवर फी भरावी लागली नव्हती. पण चूक नव्हती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याने खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखल्या. मात्र हा हक्क सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. पुढे आईबापांनी बघायचं. आणि नेमक्या त्याच वयात मुलगी धुण्याभांड्याची दोन कामं धरण्याएवढी मोठी झालेली असते.

आम्हा अकरा जणींची महिन्याला पाचशे रुपयांची भिशी होती. मी ते पत्र भिशीत वाचलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीने सुचवलं, बारावी चिठ्ठी घालू या. म्हणजे भिशी बारा महिने चालवायची, प्रत्येकीने सहा हजार भरायचे, साडेपाच हजार उचलायचे. बारावी उचल मुलीची. ती सोडतीत टाकायची नाही, दर जूनला काढायची. चिठ्ठीवर नाव लिहिलं 'दप्तर'.

साडेपाच हजारांत अडतीस हजारांची फी कशी भागणार? नाहीच भागली. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका मावशींना घेऊन तीन अनुदानित शाळांत गेल्या, तिसरीत सेमी इंग्रजीच्या वर्गात जागा मिळाली. तिथली फी किरकोळ. आमचे पैसे गेले गणवेश, वह्यापुस्तकं, बसचा पास आणि बुटांना. तेव्हा मला कळलं, मुलं फीपेक्षा या बारीकसारीक खर्चांपाशी जास्त अडतात, कारण त्यासाठी कुठे अर्जही करता येत नाही.

एक चूक सांगितलीच पाहिजे. दुसऱ्या वर्षी आमच्या मदतीवर शिकणाऱ्या पाच मुली झाल्या होत्या. आम्ही हौसेने कार्यक्रम केला, पाकिटं वाटली, फोटो काढले, ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. पुढच्या जूनला त्यातली एक आलीच नाही. तिच्या आईने सांगितलं, वर्गातल्या कुणीतरी तो फोटो तिला दाखवला होता.

माझे आजोबा कोकणातून पुण्यात शिकायला आले ते वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. पुण्यात हे घरोघर चाले. आजचं पुणे विद्यार्थी गृह १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह म्हणून निघालं तेव्हा तिथली मुलंही माधुकरी मागत. या शहराने कितीतरी मुलांना असं शिकवलं, मला त्याचा अभिमान आहे. पण आजोबा ऐंशीव्या वर्षीही सांगायचे, गुरुवारच्या घरी त्यांचं पान पडवीत मांडलेलं असायचं. जेवणाची चव ते विसरले होते, पडवी नाही. ती मुलगी आली नाही तेव्हा मला ती पडवी आठवली. आम्ही तेच केलं होतं.

त्या दिवसापासून कार्यक्रम बंद, फोटो बंद. पैसे आईच्या खात्यात जातात. देणाऱ्यांना मुलीचं नाव कळत नाही, फक्त इयत्ता आणि खर्च कळतो. यामुळे दोन मोठे देणगीदार गेले. जाऊ देत. उरलेल्यांच्या भरवशावर आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर न्यास नोंदवला. आता भिशा चार आहेत, आणि प्रत्येकीत दप्तराची चिठ्ठी आहे.

आज मी तुमच्याकडे पैसे मागायला आलेले नाही. मला माणसं हवी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी अकरा वाजता, आईला कामावरून सुट्टी मिळत नाही त्या वेळी, दाखल्यासाठी शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी उभं राहणारी. खिडकीपलीकडून "उद्या या" म्हटलं तर उद्या पुन्हा जाणारी. ज्यांना जमेल त्यांनी मागच्या टेबलावरच्या वहीत नाव आणि मोकळा वार लिहून जा.