रकाना क्रमांक २८

(पडद्यावर: टेबलावर एक जुना छापील कागद. कॅमेरा हळूहळू कागदाच्या तळाकडे सरकतो.)

अमेरिकी सैन्यातून बाहेर पडताना हातात जो कागद मिळतो त्याचं नाव डीडी-२१४. साताऱ्याकडचा माजी सैनिक आपलं डिस्चार्ज बुक ट्रंकेच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतो. तिकडे तोच मान या कागदाचा. घरकर्ज, दवाखाना, सरकारी नोकरी, मेल्यावर राष्ट्रीय दफनभूमीतली जागा, कुठेही जा, पहिल्यांदा हाच मागतात.

वरचा भाग निरुपद्रवी आहे. नाव, हुद्दा, पदकं, प्रशिक्षण. खरी भानगड तळाशी आहे. २४ व्या रकान्यात सेवेचा दर्जा. २५ व्यात कोणत्या नियमाखाली सोडलं. २६ व्यात तीन अक्षरांचा संकेत. २७ व्यात, हा माणूस पुन्हा भरती होऊ शकतो का. आणि २८ व्यात, का सोडलं ते शब्दांत.

(पडद्यावर: २८ वा रकाना, जवळून.)

हजारो कागदांवर इथे टंकलेलं आहे, 'होमोसेक्शुअल अ‍ॅडमिशन'. समलिंगी असल्याची कबुली. काहींवर 'होमोसेक्शुअल अ‍ॅक्ट'. शब्द पांढऱ्या शाईनं झाकले तरी २६ वा रकाना चुगली करतोच. जेआरए, जेआरबी, जेआरसी, तीनही संकेत त्याच कुळातले, आणि संकेतांच्या याद्या कोणालाही सहज मिळतात. या कागदाची एक छोटी नक्कलही देतात, तीत हे रकाने नसतात. पण नोकरी देणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. छोटी पुढे केली की विचारतात, मोठी कुठाय? मोठी म्हणजे 'मेंबर-४'.

थोडा मागचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धात अशा सैनिकांना निळ्या कागदावर घरी पाठवत, म्हणून ती 'ब्लू डिस्चार्ज'. मग नावं बदलली, धोरण तेच राहिलं. १९९३ च्या नोव्हेंबरात कायदा झाला, 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल'. आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. २२ डिसेंबर २०१० ला तो रद्द करणाऱ्या कायद्यावर सही झाली, आणि २० सप्टेंबर २०११ पासून तो खरोखर संपला. महायुद्धापासून तोवर अंदाजे एक लाख माणसं या कारणानं बाहेर काढली गेली, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्यातली सुमारे साडेतेरा हजार शेवटच्या कायद्याखाली.

कायदा गेला, पण कागद आहेत तसेच राहिले. रद्द करणारा कायदा मागच्या तारखेनं लागू नव्हता. बुडालेला पगार मिळणार नाही, हुद्दा परत नाही, आणि जुन्या २१४ वरचं एक अक्षरही आपोआप हलणार नाही. ज्याला बदल हवा त्यानं अर्ज करायचा.

त्याच दिवशी, २० सप्टेंबर २०११ ला, संरक्षण उपसचिव क्लिफर्ड स्टॅन्ली यांनी पुनर्विलोकन मंडळांसाठी एक टिपण काढलं. दोन अटी पुऱ्या होत असतील तर मंडळानं सहसा मागणी मान्य करावी, असं त्यात आहे. पहिली, सोडण्याचं कारण फक्त हा कायदा किंवा त्याच्या आधीचं तसलंच धोरण असावं. दुसरी, नोंदीत गैरवर्तनासारखी गंभीर बाब नसावी. आणि बदल कोणता, तेही त्यात सांगितलेलं आहे: २८ व्यात 'सेक्रेटेरियल अथॉरिटी' (सचिवाच्या अधिकारात), २६ व्यात त्याचाच संकेत जेएफएफ, २७ व्यात आरई-१जे (पुन्हा भरतीस पात्र), २४ व्यात दर्जा 'ऑनरेबल', म्हणजे सन्मानपूर्वक. अर्जात हे शब्द जसेच्या तसे लिहावेत. नुसतं "माझा डिस्चार्ज अपग्रेड करा" म्हटलं तर दर्जा सुधारतो आणि २८ वा रकाना तसाच राहू शकतो. चार रकाने, चार मागण्या.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ज्यांचा दर्जा आधीच सन्मानपूर्वक आहे त्यांना वाटतं, आपल्याला मागण्यासारखं काही नाही. आहे की. कारण, संकेत आणि पुनर्भरतीचा रकाना, तिन्ही बदलून मिळतात. आणि ज्यांचा दर्जा 'जनरल', म्हणजे सन्मानपूर्वकच्या एक पायरी खाली, आहे त्यांना वाटतं, थोडक्यात निभावलं. दवाखाना, अपंगत्वाचा भत्ता मिळतो, हे खरं. पण जीआय बिल या माजी सैनिकांच्या सवलतींच्या कायद्याखालच्या शिक्षणखर्चाला पूर्ण सन्मानपूर्वक दर्जाच लागतो, जनरल चालत नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोरासाठी ते नुकसान सगळ्यात मोठं.

(पडद्यावर: दोन फॉर्म शेजारी शेजारी.)

अर्ज दोन प्रकारचे. डीडी-२९३ जातो डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे. तिथे पाच सदस्य, बहुमतानं निर्णय. मुदत सेवामुक्तीपासून १५ वर्षं. डीडी-१४९ जातो नोंद-दुरुस्ती मंडळाकडे. तिथे किमान तीन सदस्य, सगळे मुलकी. मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षं, मात्र न्यायाच्या दृष्टीनं योग्य वाटल्यास मंडळ ती माफ करू शकतं. लष्कर आणि हवाई दलाची मंडळं वेगवेगळी, नौदल आणि मरीन यांची एकत्र. तटरक्षक दल संरक्षण खात्याखाली येतच नाही, त्याची मंडळं गृहसुरक्षा खात्याकडे.

आता पंधरा वर्षांचा हिशेब करा. कायदा संपला सप्टेंबर २०११ ला. अधिक १५, सप्टेंबर २०२६. म्हणजे त्यानंतर या कायद्याखाली काढलेल्या एकाही माणसासाठी पहिली खिडकी, म्हणजे २९३ ची, उघडी नाही. सगळे दुसऱ्या खिडकीच्या रांगेत, १४९ घेऊन. तिथे उशीर का झाला ते लिहावं लागतं आणि तो रकाना कोरा सोडणारे खूप. दोन ओळी पुरतात: धोरण २०११ पर्यंत लागू होतं, दुरुस्ती मागता येते हे अमुक वर्षी कळलं.

पहिल्या खिडकीची मुदत ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी एक बारकावा. आधी फक्त कागदांवरून तपासणी मागावी. नाकारली गेली तर मग समक्ष सुनावणी मागता येते. उलट केलं, म्हणजे थेट सुनावणीलाच उभं राहिलं, तर कागदी तपासणीचा हक्क गेला. दोन संधींची एक होते.

कागद काय जोडायचे? मोठं २१४. सेवापुस्तिका, म्हणजे पूर्ण कार्मिक फाइल; ती मिझुरी राज्यात सेंट लुईसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्रातून एसएफ-१८० हा फॉर्म भरून मागवायची. वार्षिक शेरे, पदकांचे आदेश, स्टॅन्ली टिपणाची प्रत. आणि एक पान निवेदन: कधी भरती झालो, काय काम केलं, कशावरून काढलं, काय हवं. सगळ्या नकलाच पाठवाव्यात, मूळ कागद परत येत नाहीत. सही राहिली तर आख्खं पाकीट परत येतं, हे सांगायलाही नको, पण होतं. निवेदनात आणखी एक घोटाळा होतो: लोक माफी मागतात. "तेव्हा वय लहान होतं, आता सुधारलो." हा दयेचा अर्ज झाला. दयेच्या अर्जाचे निकष वेगळे आणि त्यात मंडळाला नाही म्हणायला जास्त जागा.

सैनिक हयात नसेल तर जोडीदार किंवा वारस अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो.

आता अडचणीचे प्रकार. २८ व्या रकान्यात समलिंगी हा शब्दच नसतो, अशी खूप प्रकरणं आहेत. विशेषतः १९९३ च्या आधीची. तिथे 'अयोग्यता' लिहिलेलं असतं, 'व्यक्तिमत्त्वदोष' असतं, कधी 'फसवून भरती', कारण भरतीच्या फॉर्मवर त्या काळी समलिंगी आहात का हे विचारत. अशा वेळी खरं कारण फाइलच्या पोटात शोधावं लागतं. चौकशीचा अहवाल, सहकाऱ्यांचे जबाब, कमांडरचं शिफारसपत्र. प्रत्येक दलाची तपासयंत्रणा वेगळी: नौदलात ती चौकशी एनसीआयएसकडे, लष्करात सीआयडीकडे, हवाई दलात ओएसआयकडे. कार्मिक फाइलमध्ये ती नसेल तर त्या यंत्रणेकडे वेगळा अर्ज करायचा. हे कागद हाती येईपर्यंत मुख्य अर्ज धाडू नये.

दुसरी अडचण, 'गंभीर बाब'. जुन्या नियमात यादी होती: बळजबरी, अल्पवयीन व्यक्ती, हाताखालचा माणूस, पैसे घेऊन, सार्वजनिक ठिकाणी. इथवर कोणी वाद घालणार नाही. पण त्याच यादीत होतं, 'लष्करी जहाजावर किंवा विमानात'. नौसैनिक महिनोन्‌महिने जहाजावरच राहतो, त्याचं घरच ते. दोन प्रौढांच्या संमतीनं घडलेली गोष्ट केवळ जागेमुळे गंभीर ठरली आणि दर्जा खाली गेला. अशा अर्जात थेट लिहावं की जागेखेरीज दुसरी कोणतीही गंभीर बाब नोंदीत नाही. अर्जासोबत मागच्या निर्णयांचे दाखलेही द्यावेत. मंडळांचे निर्णय नावं काढून सार्वजनिक वाचनकक्षात ठेवलेले असतात.

गैरहजेरी किंवा अमली पदार्थ असं दुसरं काही नोंदीत असेल तर स्टॅन्ली टिपण एकटं पुरत नाही. मग संरक्षण खात्याचीच पुढची दोन टिपणं, २०१७ चं कर्टा टिपण आणि २०१८ चं विल्की टिपण, यांचा आधार घ्यावा लागतो. पहिलं मानसिक आघात आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांच्या अर्जांकडे उदारपणे बघायला सांगतं, दुसरं न्याय आणि दया या अंगानं.

(पडद्यावर: जळक्या कडांचे कागद.)

तिसरी अडचण आगीची. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या केंद्राला आग लागली. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली गेल्या. हवाई दलाच्या १९४७ ते १९६३ अखेरच्या, 'हबर्ड, जेम्स ई.' या नावापुढच्या वर्णक्रमातल्या सुमारे ७५ टक्के. म्हणजे कोणाची फाइल वाचली हे आडनावावर ठरलं. १९४८ मध्ये हवाई दलातून काढलेल्या, धर्मगुरूंच्या एका सहायकाचा अर्ज याच आगीपाशी अडला होता. येल विद्यापीठाच्या कायदा चिकित्सालयानं दावा लावला, आणि जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्याला सन्मानपूर्वक दर्जा मिळाला. फाइल जळली असेल तर पगाराच्या नोंदी, दवाखान्याचे कागद, त्या वेळची पत्रं, शपथपत्रं, जे सापडेल ते जोडायचं.

अलीकडे सरकारनं स्वतःहूनही थोडं केलं. २०२३ मध्ये संरक्षण खात्यानं जुन्या फाइली आपणहून काढल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की ८५१ प्रकरणं तपासली, त्यात ९६.८ टक्क्यांमध्ये दिलासा दिला. आकडा छान आहे. पण ती मोहीम 'डोन्ट आस्क'च्या काळापुरती होती. १९९३ च्या आधीचे तिच्यात नव्हते, आणि दर्जा सन्मानपूर्वक पण २८ व्यात तो शब्द, असेही नव्हते. या दुसऱ्या गटासाठी कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयात सामूहिक दावा झाला. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनं त्यांना साध्या विनंतीवर शब्द काढलेला नवा कागद मिळण्याची वाट केली. त्या वाटेत बसत असाल तर १४९ ची लांबड कशाला?

जून २०२४ ची राष्ट्राध्यक्षांची माफी ही वेगळी गोष्ट. लष्करी कायद्याच्या कलम १२५ खाली, संमतीच्या संबंधांसाठी ३१ मे १९५१ ते २६ डिसेंबर २०१३ या काळात कोर्टमार्शलमध्ये दोषी ठरलेल्यांसाठी ती आहे. तिनंही २१४ बदलत नाही. आधी माफीचं प्रमाणपत्र मागायचं, मग ते जोडून दर्जासाठी अर्ज.

तोवर दवाखाना अडवून धरायचं कारण नाही. माजी सैनिक व्यवहार खातं दर्जाचा निर्णय आपल्यापुरता स्वतंत्रपणे घेतं. समलिंगी संबंधांवरून हक्क नाकारणारं कलम त्यांनी २५ जून २०२४ पासून नियमातून काढलं आहे. न्यूयॉर्क राज्यानं तर २०१९ मध्येच कायदा करून राज्याच्या सवलती अशा सैनिकांना खुल्या केल्या. दोन्ही अर्ज समांतर चालू ठेवावेत.

आपल्याकडे, जाता जाता, ही मंडळं-टिपणं काही नाहीत. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ मोडीत काढलं, पण सैनिकाच्या 'अनैसर्गिक' लज्जास्पद वर्तनाला शिक्षा सांगणारं सेना अधिनियम १९५० चं कलम ४६ आहे तिथेच आहे.

नोंद-दुरुस्ती मंडळाला कायद्यानं ९० टक्के प्रकरणं दहा महिन्यांत आणि सगळी अठरा महिन्यांत संपवायची असतात. निर्णय बाजूनं लागला की टपालानं पाकीट येतं. ते नीट बघावं. कधी आत डीडी-२१५ असतो, म्हणजे जुन्या कागदाला जोडायचं शुद्धिपत्र. २१५ दाखवायचा तर जुनं २१४ ही दाखवावं लागतं, मग मिळवलं काय? म्हणून अर्जातच लिहावं: शुद्धिपत्र नको, नवीन २१४ हवं.

(पडद्यावर: काउंटी कार्यालयातलं नोंदवहीचं कपाट.)

आणि नवा कागद आला की एक हेलपाटा उरतो. घरी परतलेले सैनिक पूर्वी आपलं २१४ काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, नोंदणी कार्यालयात फुकट नोंदवून ठेवत, हरवू नये म्हणून. बऱ्याच ठिकाणी ती नोंद कोणालाही बघता येते. तिथलं जुनं पान मंडळ बदलत नाही. नवा कागद, ओळखपत्र घेऊन स्वतः जायचं, आणि जुनं पान काढून घेता येतं का ते खिडकीवर विचारायचं.