सावलीतलं पीक, नावावरची जमीन

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

नाशिकमध्ये शेतीवर बोलायचं म्हणजे द्राक्ष आणि कांद्यावर बोलायचं, असा इथला रिवाज आहे. आज मी कॉफीवर बोलणार आहे, आणि तीही चिकमंगळूर-कुर्गच्या मोठमोठ्या मळ्यांतल्या कॉफीवर नाही. विशाखापट्टणमच्या पाठीमागे पूर्व घाट चढून गेलं की अनंतगिरी, अराकू, पाडेरू, चिंतापल्ली असा डोंगराळ मुलूख लागतो. 2022 पासून तो अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात मोडतो. उंची साधारण 900 ते 1100 मीटर. तिथे दोन लाख एकरांहून अधिक जमिनीवर अरेबिका कॉफी उभी आहे आणि ती पिकवणारे जवळजवळ सगळे आदिवासी आहेत. बगता, कोंध, कोंडा दोरा, पोरजा, कोटिया, वाल्मिकी. एकेका घराची बाग एक-दोन एकरांची. त्या कॉफीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पॅरिसमध्ये अराकूच्या नावाचं कॉफीचं दुकान आहे, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मला त्या दुकानापेक्षा पाड्याबद्दल सांगायचंय. कारण तिथल्या पाड्यांवर हिंडताना मला सारखे आपले सुरगाणा आणि पेठ हे डोंगराळ तालुके दिसत होते.

खाली वहाळाच्या काठी भाताची खाचरं. त्याच्या वर उतारावर नागली, वरई. पावसाळा सरला की खुरासणीची पिवळी फुलं डोंगरभर. घरात सकाळी नागलीची आंबील. इथपर्यंत हे वर्णन बाऱ्हे किंवा हातगडच्या बाजूचं म्हणून खपून जाईल. फरक त्याच्याही वर सुरू होतो. सिल्व्हर ओकची उंच, सरळ झाडं, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, आणि खाली अर्धवट सावलीत माणसाच्या उंचीची कॉफीची झुडपं. जिथे कधीकाळी जंगल तोडून, जाळून दोन-तीन वर्षं पीक घ्यायचे आणि पुढे सरकायचे, त्याच उतारांवर आज ही बाग आहे. फिरत्या शेतीला तिकडे पोडू म्हणतात. ब्रिटिश अंमलापासून सरकारं पोडू थांबवायला धडपडत होती. नुसत्या बंदीने ती थांबली नाही. 1970 च्या दशकापासून सरकारी योजनांतून घरोघरी कॉफीची रोपं, सावलीची झाडं आणि सोबत थोडा पैसा जाऊ लागला, तेव्हा कुठे उतारांवरची शेती एका जागी स्थिरावली.

आता या झाडाचा स्वभाव नीट समजून घ्या, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. जूनच्या पावसात रोप लावलं की तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत हाती काही येत नाही. त्यानंतर मात्र नीट राखलं तर ते चाळीस वर्षं फळ देतं. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर यावी लागते. ती आली की आठ-दहा दिवसांत पांढरी फुलं उमलतात आणि सगळा डोंगर मोगऱ्यासारखा दरवळतो. तिथून आठ-नऊ महिन्यांनी, नोव्हेंबरच्या सुमारास फळं लाल होऊ लागतात. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळं असतात, आणि तोडायची फक्त लाल. म्हणून एका झाडाशी तीन-चार वेळा जावं लागतं. ही तोड बहुतेक बायका करतात, कमरेला टोपली बांधून, उतारावर पाय रोवून. तोडलेली फळं त्याच दिवशी पल्परमधून काढून गर वेगळा करायचा. चिकट बी रात्रभर आंबवायचं, धुवायचं, मग उन्हात सतत हलवत वाळवायचं. साधारण सहा किलो फळांतून एक किलो बी मिळतं. एखादा दिवस आळस झाला, की कपात आंबूस वास उतरतो आणि भाव पडतो. द्राक्षाच्या मण्याला डाग पडू नये म्हणून आपल्याकडे जेवढा जीव टाकतात, तेवढाच तिथे या बियांसाठी टाकतात.

तीन-चार वर्षं थांबायचं आणि मग चाळीस वर्षं घ्यायचं. असं पीक कोण लावेल? उद्या या जमिनीवरून कुणी उठवणार नाही, याची ज्याला खात्री आहे, तोच लावेल. ज्याला ती खात्री नाही तो चार महिन्यांत हाती येणारं पीक घेतो, आणि त्याचं चूकही नाही.

ही खात्री तिथे आपोआप आली नाही. आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी राज्यघटनेने संरक्षण दिलेल्या भागात, 1970 च्या कायद्याने आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाणं पूर्ण बंद केलं. पुढे अनंतगिरीच्या परिसरात सरकारनेच जमिनी खाणकंपन्यांना भाडेपट्ट्याने दिल्या. समता नावाची संस्था कोर्टात गेली, आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कायद्याखाली सरकारसुद्धा बिगर आदिवासीच आहे, त्यालाही अनुसूचित क्षेत्रातली जमीन खासगी खाणकंपन्यांना देता येणार नाही. हा निकाल मला फार मोठा वाटतो. अनंतगिरीत आज कॉफीची बाग बघताना मला तो आठवतो. तो निकाल लागला नसता तर त्यातले काही डोंगर आज पोखरलेले दिसले असते. त्यानंतर 2006 चा वनहक्क कायदा आला आणि राखीव जंगलात कॉफी राखणाऱ्या अनेक घरांना त्या जमिनीचे पट्टे, म्हणजे हक्काचे कागद, मिळाले.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो. 1975 च्या जुलैमध्ये ब्राझीलमध्ये हिमकडाका पडला आणि जगभर भाव भडकले. 2001 च्या सुमारास ते असे कोसळले की अनेक देशांतल्या छोट्या शेतकऱ्यांनी बागा सोडून दिल्या. 2025 च्या फेब्रुवारीत अरेबिकाने पुन्हा विक्रमी भाव गाठला, तोही ब्राझीलच्या दुष्काळामुळे. डोंगरावरच्या बाईच्या कष्टात यातल्या कोणत्याही वर्षी फरक नव्हता. शिवाय रोग. श्रीलंकेत 1869 नंतर तांबेऱ्याने कॉफीचे मळे संपवले आणि तिथे चहा आला. अराकूच्या बागांत 2025 साली फळ पोखरणारा भुंगेरा सापडला, तेव्हा कीड लागलेली फळं तोडून उकळत्या पाण्यात टाकावी लागली.

तरीही तो पाडा तग धरतो, कारण खाली भात आहे, मध्ये नागली आहे, ओकच्या खोडावर मिरी आहे. फक्त कॉफीवर जगणारं घर मला तिथे दिसलं नाही. खरेदीलाही 1956 साली स्थापन झालेलं सरकारी गिरिजन सहकारी महामंडळ उभं आहे. ते भाव जाहीर करतं, त्यामुळे आठवडे बाजारातल्या व्यापाऱ्याला मनमानी करायला जागा कमी उरते.

आता आपल्याकडे या. सुरगाणा, पेठ आणि कळवण तालुक्यांतून दिवाळीनंतर टेम्पो भरभरून माणसं निघतात आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. मुलांची शाळा सुटते, घराला कुलूप लागतं, डोंगरावरची जमीन पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहते. तिकडे कॉफीची तोड नेमकी त्याच महिन्यांत येते, नोव्हेंबर ते जानेवारी. तिथल्या बाईला त्या दिवसांत स्वतःच्याच डोंगरावर काम असतं. या दोन घरांतलं अंतर मला अस्वस्थ करतं.

सुरगाण्यात कॉफी लावा, असा सल्ला मी देत नाही. आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि मग पाठ फिरवतो. फुलोऱ्यासाठी लागणारी मार्च-एप्रिलची सर आपल्याकडे भरवशाची नाही. महाराष्ट्रात कॉफी होते ती मेळघाटात, चिखलदऱ्याला, आणि तीही थोडी. आपल्या उतारांवर आंबा, काजू, बांबू, मोह, हिरडा यांचा विचार करावा. घाटमाथ्यावर स्ट्रॉबेरी लावून काही जणांनी हिंमत दाखवलीच आहे. पण यातला आंबा घ्या किंवा काजू, फळ यायला वर्षं लागतात. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: जमीन कुणाच्या नावावर?

2018 च्या मार्चमध्ये याच नाशिकमधून हजारो माणसं मुंबईपर्यंत चालत गेली. त्यांत आपल्या डोंगरांतली माणसं मोठ्या संख्येने होती, कित्येकांच्या पायांची सालटं निघाली होती. त्यांची मुख्य मागणी वनहक्काचे दावे मंजूर करण्याची होती. मला त्या चालण्यात शेतीचंच नियोजन दिसतं. वनहक्क कायद्यात चार हेक्टरपर्यंतची तरतूद आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, तो वारसांना मिळतो आणि विकता येत नाही. मग कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्र कागदावर आलं असेल, किंवा बाईचं नाव राहून गेलं असेल, तर ती दुरुस्ती हेच झाड लावण्याआधीचं पहिलं काम आहे. ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा नकाशा, जुन्या कसणुकीचे पुरावे ही तीन कागदपत्रं घेऊन बसणारी माणसं गावोगाव हवी आहेत, आणि शहरातले वकील, निवृत्त तलाठी, शिक्षक यांनी त्यांच्यासाठी आपला एखादा रविवार द्यावा, ही माझी विनंती आहे.

आज इथे पेठ आणि सुरगाण्याहून काही मंडळी आली आहेत. पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.